दांडा मागे

आप्पांची मोटरसायकल म्हणजे मोटरसायकल नव्हतीच हो, म्हैस होती! तशीच काळी, अंगानं थोराड आणि मनात आलं तरच उठणारी. घरात सगळे तिला म्हैसच म्हणायचे. बटण दाबलं नि सुरू झाली, असली भानगडच नाही. आधी किक हळूच दाबत न्यायची, पिस्टन वर येऊन अडला की छोटी कळ दाबून त्याला जरासा पुढे सरकवायचा, आणि मग अख्खं अंग किकवर टाकायचं. पण त्याच्याही आधी हँडलवरचा दांडा मागे! गाडी पळताना तो दांडा पुढे ठेवायचा, म्हणजे ठिणगी लवकर पडते. किक मारताना मात्र मागे. विसरलात, तर किक खाली जायच्या ऐवजी उलटी उसळते आणि पायाचं भजं करते.

म्हणून घरात एकच कायदा. उतरणाऱ्यानं दांडा मागे करूनच उतरायचं. पुढचा माणूस त्या भरवशावर किक मारतो.

आप्पांचा गुडघा धरायला लागल्यापासून म्हैस धाकट्या मुलाकडे आली. धाकटा म्हणजे बारक्या. आता बारक्याची गंमत अशी, की त्याला किक मारताच येत नव्हती. एकदा तिनं त्याला असा फेकला होता ना, की तेव्हापासून त्यानं किकला पाय म्हणून लावला नव्हता. मग पठ्ठ्यानं काय करावं? उतार शोधायचा! घरून निघताना कुणाला न दिसता गाडी ढकलत गल्लीच्या उतारापर्यंत न्यायची. दुकानात जा, मित्राकडे जा, गाडी लावायची ती उतारावरच. बसायचं, सोडायची, गिअर टाकायचा, धडधड धडधड! किकच नाही, तर दांडा मागे करणार कोण? आणि घरी आप्पा सगळ्यांना सांगत सुटले होते, "आमचा बारक्या एका किकमध्ये उठवतो!"

त्या रविवारी आप्पांचे जुने दोस्त आले. टेलरकाका, पोस्टमनकाका, सगळेच एके काळचे गाडीवाले. बारक्या नुकताच फेरी मारून आला होता, म्हैस अंगणात उभी होती. आणि अंगण म्हणजे ताटासारखं सपाट!

"चल रे, दाखव यांना," आप्पा म्हणाले.

"आत्ता?"

"मग काय, मुहूर्त काढू?"

बारक्या गाडीपाशी गेला. म्हणाला, "आप्पा, माझा पाय लचकलाय."

"कधी?" दारातून त्याच्या ताईनं विचारलं. "मगाशी तर जिना उड्या मारत उतरलास!"

सगळे खो खो हसले. आप्पा नाही हसले. खुर्चीतून उठत म्हणाले, "राहू दे. इंजिन गरम आहे, माझ्या नुसत्या हुंकारानं उठेल."

"आप्पा, गुडघा!" ताई ओरडली. पण आप्पा चढलेसुद्धा. दोस्तांसमोर ऐकतात होय? किक हळूच नेली, कळ दाबली. दांड्याकडे मात्र बघितलं नाही. कशाला बघतील? कायदाच होता ना. बारक्याला तो दांडा दिसला. पुढे होता. फेरीत त्यानं जिथे ठेवला होता, तिथेच. तो ओरडायला गेला, पण तोवर आप्पांनी अंग टाकलं होतं.

खाडकन आवाज झाला. आप्पा खाली, आणि घोटा भलत्याच दिशेला.

धावपळ करून त्यांना आतल्या खाटेवर नेलं. ताईनं डॉक्टरांना फोन लावला. पोस्टमनकाकांनी विचारलं, "अरे, झालं काय नेमकं?"

आप्पा कण्हत म्हणाले, "दांडा पुढे राहिला. मी विसरलो." एवढं बोलून ते थांबले. बारक्याकडे बघत राहिले. बारक्यानं मान खाली घातली आणि फरशीतली भेग बघत बसला.

"म्हातारा झालास लेका!" टेलरकाका म्हणाले. "आता तीनचाकी घे!" आणि डॉक्टर येईपर्यंत दोस्तमंडळी अंगणात गेली. 'विसरभोळे आप्पा' म्हणून बाहेर हशा चालला होता, तो खिडकीतून आत येत होता.

बारक्या खाटेजवळ बसला. "आप्पा, दांडा मी..."

"माहीत आहे."

"मग तुम्ही तसं का सांगितलंत?"

"तू बोलशील म्हणून," आप्पा म्हणाले. "थांबलो होतो की मी."

बस्स. कान असे तापले बारक्याचे! आप्पांनी मारलं असतं ना, तर त्यानं हसत खाल्लं असतं. तो उठला. दारापासून गाडीपर्यंत पावलं ती किती, पण संपता संपेनात.

"काय म्हणतात आमचे विसरभोळे?" टेलरकाकांनी विचारलं.

"आप्पा विसरले नाहीत, काका." बारक्या म्हणाला. "दांडा मी तसा ठेवला. मला किक येतच नाही. मी उतारावर चालू करतो. आणि पायही लचकलेला नाही."

हसू गपकन थांबलं. पोस्टमनकाका दुसरीकडे बघायला लागले. टेलरकाका शिव्या देतील म्हणून बारक्या उभा होता, खरंच वाट बघत होता. पण ते पुढे झाले, एका बोटानं तो दांडा मागे सारला, आणि आप्पांकडे आत निघून गेले.