मिठावरची जागा

आटलेल्या केटा खाडीच्या तळावर, पांढऱ्या मिठात, अग्बेको एका नवरीचे फोटो काढत होता, तेव्हा आत्याचा फोन आला. अकोफा मासे तळताना चुलीपाशी कोसळली आणि दवाखान्यात पोचायच्या आतच वारली.

"कोण अकोफा?" त्याने विचारलं.

"अरे, तुझी बायको!"

फोन खिशात ठेवून तो नवरीला म्हणाला, "हनुवटी जरा वर." आणखी काही फोटो काढले. डोकं दुखतंय म्हणून अकोफा सकाळी घरीच राहिली होती, त्यामुळे प्रकाश परतवायचं पांढरं कापड नवरदेवच धरून उभा होता. "कोणाचा फोन, मास्तर?" त्याने विचारलं, तेव्हा अग्बेको मिठातच बसला. त्याला उठता येईना. लग्नाच्या कपड्यांनिशी त्या दोघांनी त्याला गाडीपर्यंत धरून नेलं.

आठवडाभरात आत्या येऊन दारातूनच म्हणाली, "गावात भिंतींवर लावायच्या मयताच्या पोस्टरसाठी तिचा फोटो दे. तिच्या माहेरचे विचारतायत, भिंती कोऱ्या कशा? आमची पोरगी बेवारशी होती का?"

"फोटो नाही, आत्या."

"अख्ख्या आन्लोगा गावाची थोबाडं तुझ्या कॅमेऱ्यात, आणि बायकोचं नाही?"

खरोखरच नव्हतं. कुठल्याही कामाला जागा अकोफाच निवडायची. गिऱ्हाईक नटून येईपर्यंत तिथे उभी राहायची. अग्बेको तिच्यावर कॅमेरा जमवून घ्यायचा आणि काम झालं की ते फोटो पुसून टाकायचा. "एकदा तूही नटूनथटून उभी राहा की," असं तो म्हणायचा.

"गप रे! असला झोकदार फोटो घरात दिसला, तर लोक म्हणतील, नवरा पोस्टरच्या तयारीला लागला."

शेवटी मतदार ओळखपत्रावरचा चेहरा घेतला. त्यात तिचे डोळे दचकल्यासारखे होते. पोस्टरवाल्या सेन्योने तो कापून जरीच्या पोशाखातल्या कोणा परक्या बाईच्या धडावर बसवला.

"मागे काय लावू, काका? धबधबा? सगळे तोच घेतात."

"तिने धबधबा कधी बघितला नव्हता."

"त्यात काय! माझ्या आजोबांच्या मागे मी बर्फ लावलाय."

"मीठ लाव," अग्बेको म्हणाला. "मी काढून आणतो."

दुपारी तो खाडीवर गेला. आत्याही हट्टाने बरोबर आली. अंगावर सुतकाचं काळं लुगडं, पायात रबरी चपला, हातात प्रकाश परतवायचं ते पांढरं कापड.

"मी उभी राहते तिच्या जागी. सांग, कुठे?"

अग्बेकोने चहूकडे पाहिलं. सगळीकडे सारखंच पांढरं होतं, सारख्याच भेगा.

"इथे?"

"नको."

"मग तिथे?"

"तिथेही नको."

"अरे बाबा, चपलेतून चटके बसतायत. काहीतरी ठरव!"

"आत्या, तिला कसं कळायचं गं?"

"काय?"

"की जागा हीच म्हणून."

"तू कधी विचारलं नाहीस?"

"विचारायचं काय? ती सरळ जाऊन उभी राहायची."

आत्याने कापड खाली ठेवलं आणि त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघं समोर बघत राहिले. ऊन कलायला लागलं. छपाई अडली म्हणून सेन्योचे फोन येत होते.

पोस्टरवर अकोफाच्या मागची जागा अजून कोरीच होती.