गॅलरीची सळई

मावशीच्या घराचा स्लॅब ओतला जात होता आणि भाचा वर उभा राहून हुकूम सोडत होता. इंजिनियर होऊन जेमतेम सहा महिने झालेले. नवे बूट, नवं हेल्मेट आणि डोक्यात हवा!

"साहेब, सळयांवर पाय देऊ नका. फळी टाकलीय, तिच्यावरून या," मिस्त्री तिसऱ्यांदा म्हणाले. तीस वर्षं स्लॅब ओतत आलेला माणूस, पण आवाज कधी चढत नसे.

"मला शिकवू नका हो! ड्रॉइंग मीच काढलंय," भाच्याने सगळ्यांदेखत सुनावलं आणि गॅलरीच्या सळयांच्या जाळीवरून तरातरा पलीकडे गेला. मागोमाग दोन मजूरही गेले. साहेबच चालतात म्हटल्यावर फळी कोण शोधतो?

गॅलरीत काँक्रीट पडलं. मिस्त्रींनी थापी खाली ठेवली, एक काडी ओल्या मालात खुपसली आणि बोटाने खूण धरून वर काढली.

"सळई वरून एका इंचावर लागायला हवी. चारवर लागतेय. तळाला गेली."

"थोडं इकडे-तिकडे होतंच," भाचा पुटपुटला.

"गॅलरीला खालून खांब नाही, साहेब. ती वरच्या सळईनेच घराला धरून असते. सळई दबली की संपलं. मावशी कपडे वाळत घालायला उभ्या राहतील, तेव्हा काय करायचं?"

हेच भाच्याने परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण मार्कही मिळवले होते! पण ती सळई आपल्याच बुटाखाली वाकतेय, हे त्याच्या गावीही नव्हतं. माल तासाभरात घट्ट होणार होता. गप्प बसला असता तर मिस्त्रींशिवाय कुणाला पत्ता लागला नसता.

"थांबा!" तो ओरडला. "गॅलरीतला माल काढा. चूक माझी आहे. काका, सांगा, आता काय करू?"

"आधी सळयांवरून उतरा," मिस्त्री म्हणाले.

घमेल्यांनी माल उपसला. मिस्त्रींनी सळया उचलून खाली टेकू दिले, तारेने पक्क्या बांधल्या. भाचा सांगतील तिथे धरत होता. ओरडा ऐकून मावशी जिन्यात आली.

"काय रे, काय झालं?"

"माझं चुकलं, मावशी. काकांनी सावरलं."

मंडळी, सळई कुठे हवी हे पुस्तक सांगतं. ती तिथेच कशी ठेवायची, हे हाताने काम करणाऱ्याकडूनच शिकावं लागतं. आणि त्याला "सांगा" म्हणायची ज्याला लाज वाटते, त्याने दुसऱ्याच्या डोक्यावरचं छत ओतायला जाऊच नये!