अठरा वर्षांचा अनुभव

सौदीतल्या अझीझियाच्या त्या गल्लीत बदरुद्दीनच्या लाँड्रीला सगळे ‘अबू मिशालची लाँड्री’ म्हणत, आणि त्यात चूक काहीच नव्हती. इस्त्री बदरुद्दीनची, भाडं बदरुद्दीनचं, घाम बदरुद्दीनचा. नाव तेवढं अबू मिशालचं. कफील, म्हणजे परदेशी माणसाचा स्थानिक हमीदार, म्हणून त्या गृहस्थाने अठरा वर्षांत केलेलं एकमेव काम म्हणजे पहिल्या तारखेला येऊन दोन हजार रियाल मोजून घेणं आणि जाताना आपले चार तोब, ते पायघोळ अरबी झगे, कडक खळ घालून फुकट नेणं.

गेल्या वर्षी सरकारने असे आडून चाललेले धंदे सरळ करायची मुभा दिली. बदरुद्दीनने फी भरता भरता बायकोच्या दोन बांगड्या मोडल्या, पण दुकान स्वतःच्या नावावर केलं. अबू मिशालने त्याला मिठी मारली आणि डोळे पुसले. दोन हजारांचा विरह काही साधा नसतो.

आता कोपऱ्यावरच्या हॉटेलाने सांगितलं होतं, रमजानच्या आत वाफेचं मोठं मशीन आणलंत तर चादरींचं सगळं काम तुमचं; नाहीतर दुसरा बघतो. मशीनला पैसे कुठून आणायचे? तेवढ्यात बँकेच्या काचेवर पाटी दिसली : लहान धंद्यांना सरकारी हमीचं कर्ज. हमीला अरबीत शब्द ‘कफाला’. बदरुद्दीन धावत घरी आला.

“हफीजा, आता आपलं कफील खुद्द सरकार!”

“अहो, पण ते तोब फुकट धुवायला पाठवणार नाही ना?”

बँकेतल्या तरुण साहेबाने कागद चाळले. “सिद्दीक,” तो म्हणाला; परदेशी कामगाराला तिथे ‘मित्रा’ म्हणून अशीच हाक. “ही हमी सौदी धंद्यासाठी आहे.”

“धंदा सौदीच आहे साहेब. पाणी सौदी, वीज सौदी, मळ तर शंभर टक्के सौदी.”

“आणि मालक?”

“मालक हर्णैचा,” बदरुद्दीनने कबूल केलं.

“शिवाय अनुभव अकरा महिन्यांचा.”

“अठरा वर्षं इथेच इस्त्री फिरवतोय!”

“बरोबर. म्हणजे तू कामगार होतास. मालकीचे अकराच महिने.” साहेबाने फाईल परत सरकवली. “एखादा सौदी भागीदार आण, मग बघू.”

ज्याच्यापासून सुटायला बांगड्या मोडल्या, त्याच्याच दारात जाऊन उभं राहायचं! बदरुद्दीनने वाटेत मनाशी पक्कं केलं : दहा टक्के देईन, वर एक नाही.

अबू मिशालने काहवा ओतला, बुरैद्याचा खजूर पुढे केला. “खा, खा. आनंदाची बातमी आहे. मला हमीचं कर्ज मिळालं.”

“कशासाठी?”

“लाँड्रीसाठी. तुझ्या समोरचाच गाळा घेतला. वाफेचं मशीनही येऊन पडलंय.”

बदरुद्दीनला ठसका लागला. “तुम्हाला लाँड्रीतलं काय कळतं, चाचा?”

“असं कसं? बँकेनेच लिहिलंय.” अबू मिशालने मंजुरीचा कागद कौतुकाने पुढे धरला. “अठरा वर्षांचा अनुभव!” मग जवळ सरकून हळूच म्हणाला, “फक्त ते मशीन सुरू कसं करतात, तेवढं बघून जा. नाहीतर असं कर, माझ्याकडेच ये. तुझा इथे राहायचा इकामा परत माझ्या नावावर घे, मॅनेजर करतो तुला.”

बदरुद्दीनने खजुराची बी तोंडात घोळवली. समोरच्या गाळ्यात मशीन होतं, चालवणारं कोणी नव्हतं. त्याच्याकडे माणसं होती, हॉटेलचं काम येऊ घातलं होतं, मशीन नव्हतं. आणि अबू मिशाल कफील होता म्हणून काही त्याच्या कर्जाचा हप्ता थांबणार नव्हता.

“मशीन मला भाड्याने द्या,” तो म्हणाला. “हॉटेलचं काम माझ्या नावावर. करार लिहून.”

“महिन्याला किती देशील?”

दोघांच्या तोंडाला एकच आकडा सवयीचा होता. दोन हजार.

“म्हणजे फिरून तेच!” घरी हफीजाने कपाळावर हात मारला. “मग एवढं करून मिळवलंत काय?”

“पावती.”

रमजानच्या आधी चादरी सुरू झाल्या. पहिल्या तारखेला अबू मिशाल छापील बिल घेऊन हजर : भाडं दोन हजार, वर पंधरा टक्के व्हॅट. बदरुद्दीनने मोजून दिले. मग कडक खळीचे चार तोब काउंटरवर ठेवले आणि त्यांच्यावर आपलं बिल ठेवलं, तेही व्हॅटसकट.

अबू मिशालने ते दोनदा वाचलं. “हे कधीपासून?”

“अकरा महिन्यांचा अनुभव आहे, चाचा,” बदरुद्दीन म्हणाला. “आत्ता कुठे शिकतोय.”