खोड ते, वेइक्का

प्रोग्रॅमिंगच्या विषयात सायमी दोनदा आपटली होती. आता तिसऱ्यांदा आपटली की कॉलेजातून नाव कमी आणि रवानगी थेट बेटावर, आईच्या शेजारी मासे साफ करायला. तिला मासे साफ करायचे नव्हते. तिला प्रोग्रॅम लिहायचे होते, बस्स!

यंदा काइसू ही नवी शिक्षिका आली. तिने व्याख्यानं गुंडाळून ठेवली आणि मुलांच्या जोड्या लावल्या. जोडीला कीबोर्ड एकच. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकलेलं तेवढंच लिहायचं, मग अदलाबदल.

नियम झकास होता हो, पण पोरं पडली फिनलंडची! दुसऱ्याच्या कामात तोंड घालणं म्हणजे महापाप. सगळा वर्ग चिडीचूप. काइसू कपाळाला हात लावायची, "अरे, मयताला जमलात का? बोला की!"

सायमीचा जोडीदार वेइक्का. हुशार, पण बोटांना भलती घाई. कीबोर्ड हातात आला की सोडायचं नाव नाही. सायमी शेजारी बसून मान डोलवायची. कळायचं काहीच नाही, पण त्याला मध्येच थांबवायचं कसं? प्रोग्रॅम चालायचा, गुण दोघांना मिळायचे आणि सायमी होती तिथेच राहायची.

एकदा कॉफी पिताना तो म्हणाला, "कशाला काळजी करतेस? मी आहे ना!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागे दोन्ही वेळा असाच कुणीतरी 'आहे ना' होता, आणि परीक्षेत ती एकटीच रडली होती. तिने हातातला दालचिनीचा बन खाली ठेवला.

"कीबोर्ड इकडे दे. आणि हात मांडीखाली घालून बस."

"काय झालं तुला?"

"तू सांग, मी लिहिते. जे कळणार नाही ते लिहिणार नाही."

त्या दिवसापासून काम रखडत चाललं. वेइक्का वैतागायचा, "अगं, हे इतकं सोपं आहे!" सायमी म्हणायची, "मग सोपं करून सांग." सांगता सांगता तोच अडखळायचा, आणि मग दोघं मिळून चूक शोधायची. पुढे पुढे ती सांगू लागली आणि तो लिहू लागला.

परीक्षेला रांगेतल्या गाड्या फेरी बोटीवर चढवायचा प्रोग्रॅम होता. काइसूने चिठ्ठी काढली. लिहायचं वेइक्काने, बोलायचं सायमीने, सगळ्या वर्गासमोर.

"रुग्णवाहिका आली तर तिला आधी चढवा," काइसू म्हणाली.

सायमी मनात पायऱ्या जुळवू लागली. वेइक्काला राहवेना, त्याची बोटं आपोआप चालू लागली.

"मी हे म्हटलेलं नाही," सायमी म्हणाली. "खोड ते."

मागच्या बाकावर कुणाचा तरी श्वास अडकला.

"पण ते बरोबर आहे गं," तो कुजबुजला.

"नाही. तू थेट पहिली गाडी बघतोयस. रांगेत गाडीच नसली तर? आमच्या बेटावर जानेवारीत बोट रिकामीच सुटते. आधी रांग रिकामी आहे का, ते विचार."

वेइक्काने काइसूकडे बघितलं. काइसू खिडकीबाहेर बघत होती. त्याने लिहिलेलं सगळं पुसलं, हात कीबोर्डवर तयार ठेवले आणि सायमीकडे वळला.

"बरं. पुढे सांग."

आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत सांगत राहिली.