तळहाताकडचा हिरा

लग्नात घड्याळजीने बायकोच्या बोटात घातलेला हिरा साखरेच्या दाण्याएवढा होता. त्या दिवशी त्याला तो डोंगराएवढा वाटला. पण पुढे बायको चारचौघांत बसली, की अंगठ्याने हळूच अंगठी फिरवायची आणि हिरा तळहाताकडे करायची. ते दिसलं की घड्याळजीच्या मनात कुसळ रुतायचं. लाजते बिचारी, बोलत नाही एवढंच!

म्हणून ‘जुना हिरा द्या, मोठा न्या’ असं सराफ म्हणाला, तेव्हा तो बायकोला शिलाई मशीनवरून उठवूनच दुकानात घेऊन आला.

“डोकं फिरलंय का तुमचं?” ती कुजबुजली.

“फिरू दे. तू घालून तर बघ.”

सराफाने तिची अंगठी काढून घेतली आणि चांगल्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या हिऱ्याची नवी अंगठी तिच्या बोटात सरकवली. ती जुनीकडेच बघत होती.

“आमचा हिरा कुठे जाणार?”

“या डबीत, ताई. बाकीच्यांबरोबर.”

“मग उद्या यातला आमचा कोणता, ते कळेल?”

“मलासुद्धा नाही कळणार,” सराफ हसला.

तिने मान खाली घातली. घड्याळजीला वाटलं, संकोचली. “कसा आहे हिरा?” त्याने विचारलं.

“छान आहे की.” पण तिची नजर गल्ल्यावरच्या रेशमी रुमालावर गेली होती. कापड दिसलं की हिला राहवायचं नाही. हाताच्या पाठीवर पसरून वीण पाहायची, ही तिची कामाची सवय. तिने रुमाल उचलला. पण त्याआधी अंगठ्याने अंगठी फिरवली. मोठा हिरा तळहाताकडे गेला.

“अगं, हाही लपवलास?”

“लपवला? काय लपवलं?”

“लोकांत बसलीस की हिरा लपवतेस ना? लहान म्हणून...”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. “अहो, हिरा धरणारे ते सोन्याचे दाते अडकतात कापडात! लोकांच्या पदराचे धागे ओढू का? आणि इतकी वर्षं तुम्ही हे मनात धरून बसलात? दिवसभर डोळ्याला भिंग लावता, आणि बायकोचा हात दिसला नाही?”

सराफ काहीतरी शोधायला गल्ल्याखाली वाकला, तो बराच वेळ वर आलाच नाही.

तिने नवी अंगठी काढून ठेवली. “हा तर आणखी उंच. पडदेसुद्धा फाडेल. माझाच द्या. दाते काढून खोल बसवता येईल?”

“येईल की, ताई. अंगठीच्या सोन्याशी अगदी सपाट बसवतो.”

आठवड्याने अंगठी तयार झाली. तिने ती घातली, नवऱ्याच्या सदऱ्याची बाही ओढून हाताच्या पाठीवर फिरवली. हिरा वर होता. कापड अलगद सरकलं.

“अडकत नाही,” ती म्हणाली. “पण ही शिलाई कुणी केलीय हो? वाकडी आहे.”

“तूच.”

“मग असू दे,” ती म्हणाली आणि बाही धरूनच दुकानाची पायरी उतरली.