पलीकडचा कवडसा

हौसाताय लग्न होऊन खाडीपलीकडे गेली तेव्हा तिचं आणि आईचं ठरलं होतं. दुपारची भांडी झाली की तिने अंगणातून आरशाचा कवडसा आमच्या पडवीवर टाकायचा, आईने इकडून आरशानेच उत्तर द्यायचं. कवडसा आला म्हणजे ताय बरी आहे. पुढे आईला मोतीबिंदू झाला. "चमकलं काय रे?" असं ती मला विचारायची. मी घरी नसेन त्या दिवशी उत्तर जायचं नाही. हळूहळू तिकडचा कवडसाही थांबला.

चौऱ्याऐंशी साली बी.एस्सी. होऊन मी घरी बसलो होतो, तेव्हा एक खोका तयार केला. उजेड पडला की जास्त वीज सोडणारी वाटाण्याएवढी चकती, एक ट्रान्झिस्टर, बझर. उघड्यावर तो दिवसभर कोकलत राही. म्हणून चकती बांबूच्या नळीत बसवली, नळी आतून काजळीने काळी केली आणि तायच्या अंगणावर रोखली. होडीवाल्या धाकूबरोबर तिला निरोपही पाठवला.

दुसऱ्याच दुपारी खोका वाजला.

"आली गो माझी बाय!" आई आरसा घेऊन अंगणात गेली.

"आये, जरा डावीकडं."

"गप मेल्या, डोळे गेलेत, हात नाय गेले."

मग तो रोज वाजू लागला, पण भरतीसारखा रोज थोडा उशिरा. भांडी काही भरतीच्या वेळेने होत नाहीत. चकती काढून मी नळीला डोळा लावला. अंगण रिकामं होतं. चढलेल्या पाण्यावरचं ऊन नळीत शिरत होतं. पाणी झाकेल असा पत्र्याचा पडदा मी कापून ठेवला. लावला मात्र नाही.

चौथ्या दिवशी हौसाताय धाकूच्या होडीतून आली.

"काय गो आये, रोज आरसा चमकवतेस? शेतातनं बघते मी. मला वाटलं, आजारी पडलीस."

"तूच बोलवतेस ना!"

"मी? दुपारची मी शेतावर असते. समोर सासू. आरसा काढू कुठनं?"

तेवढ्यात खोका वाजला. तायच्या पाठीवरून फिरणारा आईचा हात थांबला.

"ही इथं. मग तिकडं कोण?"

"पाणी, आये. भरतीचं."

"म्हंजे खाडीनंच बोलावलंन मला," ताय हसली, आणि तिने पदर तोंडाला लावला. खालून धाकू हाका मारत होता. ओहोटी लागायच्या आत तिला निघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी पडदा ठोकायला घेतला. आईने त्याची कड चाचपली.

"हे लावल्यावर?"

"तायनं आरसा धरला तरच वाजेल."

"म्हंजे वाजायचाच नाय. ठेव तो पत्रा बाजूला."

भरती आली. खोका वाजला. आई आरसा घेऊन उभी राहिली.

"तिचं शेत कुठं रे? अंगण नको, शेत दाखव."

मी तिचं मनगट धरून आरसा थोडा वर उचलला.