माझी लाज मी कशाने झाकू?

मित्रांनो, मी एक जुने लोकरीचे पांघरूण आहे. लोक लाजले की मला डोक्यावरून ओढून घेतात. मला लाज वाटली, तर मी काय ओढून घेऊ?

एका विणकराने मला हातमागावर विणले. या घरातल्या सासूबाईंनी मला पंचवीस वर्षे वापरले. मी घाम शोषून घेई, तरी ओलसर लागत नसे. ऊब देई, पण गुदमरवत नसे. "याच्यापुढे तुमची फुलाफुलांची ब्लँकेटं पाणी भरतील," असे त्या म्हणत. मी फार शेफारले होते.

थंडी सरली की त्या मला उन्हात घालत, झटकत आणि मगच पेटीत ठेवत. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून ते काम त्यांनी नव्या सुनेवर सोपवले. "कसर बघून ठेव हं," त्या म्हणाल्या. कसर म्हणजे लोकर खाणारी कीड. सून बिचारी भलतेच समजली! तिने माझी उसवलेली कड शिवली, सुरेख घडी घातली, वर रिबीन बांधली. ऊन मात्र दाखवले नाही.

"आई, कुठेही कसर ठेवली नाही!" तिने हौसेने सांगितले.

पेटीत माझ्या घड्यांमध्ये वळवळ सुरू झाली, तेव्हा मला चक्क गुदगुल्या झाल्या. मला कोण काय करणार, या तोऱ्यात मी होते.

यंदा सासूबाई न्यूमोनियातून उठून घरी आल्या. त्यांना हुडहुडी भरली होती. फुलाफुलांचे ब्लँकेट घातले की घामाने डबडबत, काढले की कुडकुडत.

"माझंच पांघरूण आण गं," त्या म्हणाल्या.

सुनेने मला उलगडले आणि तिचा चेहराच उतरला. माझी पार चाळण झाली होती.

"आई, मला वाटलं, कसर म्हणजे कमतरता!" ती रडकुंडीला आली.

"अगं वेडाबाई, मीच नीट सांगायला हवं होतं. घाल तेच."

सर्वांत मोठे भोक नेमके त्यांच्या छातीवर आले. सुनेने त्यावर आपला तळहात ठेवला आणि ती तशीच बसून राहिली.

"बघ, आली की नाही ऊब? शेवटी माझं पांघरूणच कामाला आलं," सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या.

ती शाबासकी ऐकून मी शरमेने अर्धमेले झाले. मित्रांनो, आम्हाला मळके ठेवू नका, उकळत्या पाण्यात बुडवू नका, ऊन दाखवून, झटकून मगच पेटीत ठेवा. आमचे काम कोणाच्या हाताला करावे लागू नये.